सहजीवनाला शरीराची अट नाही

 



आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लग्नाचे बायोडेटा येतात. शिक्षण, नोकरी, व्हिसा, उंची, सगळे त्यात असते. व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलाचा किंवा ऐकू न येणाऱ्या मुलीचा बायोडेटा आपण त्यात कधी पाहिला आहे का? ही मुले आपल्याच घरांत आहेत. तिशी उलटली तरी ती ‘आमचं बाळ’ असतात. त्यांच्या प्रेमाचा, लग्नाचा विषय निघाला की सगळे गप्प बसतात.

कुणी हळूच म्हणते, ‘मागच्या जन्मीचं काहीतरी असेल.’ बंधुभगिनींनो, हेच सांगून आपल्या पूर्वजांना गावाबाहेर ठेवले होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत नाकारला. जातीसाठी टाकलेला विचार अपंगत्वासाठी जपून ठेवता येणार नाही.

भगवंतांच्या उपासकांत नकुलपिता आणि नकुलमाता हे दांपत्य होते. नकुलपिता गंभीर आजारी पडला तेव्हा नकुलमातेने त्याला धीर दिला. बरा होताच तो काठी टेकत भगवंतांकडे गेला. अशी पत्नी लाभली हे तुझे भाग्य, असे भगवंत त्याला म्हणाले. आपली साथ कधी तुटू नये, अशी या दोघांची इच्छा होती. त्यासाठी भगवंतांनी चार गोष्टी सांगितल्या: समान श्रद्धा, समान शील, समान त्याग, समान प्रज्ञा. या चारांत शरीर कुठेही नाही.

तिसरे शील कामवासनेतील दुराचारापासून दूर राहायला सांगते. प्रेम करू नका, असे ते उपासकाला सांगत नाही. आपल्या मुलाला, मुलीला कुणी फसवेल, ही आईवडिलांची भीती खोटी नाही. पण घरात कोंडून ती जात नाही. स्वतःच्या शरीराची माहिती, संमतीचा अर्थ आणि ‘नको’ म्हणण्याचे बळ मिळाले, तर माणूस अधिक सुरक्षित होतो.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराचे कलम २३ लग्नाचा आणि कुटुंबाचा हक्क मान्य करते. आपण निदान दार तरी उघडूया. पुढच्या पौर्णिमेचे निमंत्रण त्यांना त्यांच्या नावाने पाठवा. विहारात त्यांना समवयस्कांत बसू द्या आणि आपण थोडे दूर बसा. घरी एकदा शांतपणे विचारा, ‘तुला कुणी आवडतं का?’ आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.

करुणेत दया दाखवणारा वर आणि घेणारा खाली असेल, तर ती करुणा नव्हे. मैत्री बरोबरीची असते.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!