वासरू आत घेणारे स्वामी

आमच्या वैजापूर भागात शाळेत शिकवणाऱ्या पुरुषाला गुरुजी म्हणतात आणि स्त्रीला बाई. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली, म्हणून मी बाई. गुरुपौर्णिमेला मात्र पोरं झेंडूची फुलं आणायची, पायांवर डोकं ठेवायची, आणि तेवढ्या सकाळपुरती बाईंची गुरू व्हायची. तो मान मला कधी घेववला नाही. पगार घेऊन बाराखडी आणि पाढे शिकवणाऱ्या माणसाला गुरू म्हणावं का, आणि मुळात ते ठरवायचं कुणी, हा प्रश्न मला पडला तो आमच्याच तालुक्यातल्या शिऊरच्या संत बहिणाबाईंमुळे.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शिकवणाऱ्यांची प्रतवारी आहे. मुंज लावून कल्प आणि रहस्यासकट वेद शिकवतो तो आचार्य. पोटासाठी वेदाचा एखादा भाग किंवा वेदांगं शिकवतो तो उपाध्याय. संस्कार करून, अन्न घालून वाढवतो तो गुरू, म्हणजे खरं तर बापच. दहा उपाध्यायांइतका एक आचार्य, असा भावही तिथे सांगून ठेवलाय. या सगळ्या मोजणीत शिकणाऱ्याला कुणी काही विचारलेलं नाही. स्त्री आणि शूद्र तर वेदाच्या दारातही उभे नाहीत.

बहिणाबाईंचा जन्म 1628चा, देवगावचा. ब्राह्मणाघरची मुलगी, अगदी लहानपणी शिऊरच्या बिजवराशी लग्न झालेलं. घरच्या अडचणींमुळे गाव सुटलं आणि कुटुंब फिरत फिरत कोल्हापूरला पोचलं. तिथे जयरामस्वामींची कीर्तनं चालत, आणि कीर्तनात तुकोबांचे अभंग असत. बहिणाबाई तेव्हा अकरा-बारा वर्षांची. तिच्यामागे एक कपिलेचं वासरू सतत असायचं; ती कीर्तनाला गेली की तेही जायचं. एकदा गर्दी झाली म्हणून लोकांनी त्याला बाहेर काढलं. ते बाहेर हंबरू लागलं, ही आत रडू लागली. स्वामींनी चौकशी केली, वासरू आत आणवलं आणि दोघांच्याही डोक्यावरून हात फिरवला. हे सगळं तिनेच पुढे आपल्या आत्मनिवेदनात सांगितलंय. काही दिवसांनी वासरू गेलं. त्या दुःखात तिला स्वप्नात तुकोबा दिसले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, आणि तिने त्यांना गुरू मानलं. तोवर तिने तुकोबांना पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

तुकोबांचं तरी वेगळं काय? त्यांचे गुरू बाबाजी चैतन्य, तेही स्वप्नातच भेटलेले, माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी. त्यांनी जेवायला पावशेर तूप मागितलं आणि तुकोबा ते द्यायला विसरले. सेवा काहीच घडली नाही, ही खंत त्यांनी अभंगात बोलून दाखवली आहे. ना गुरुगृही राहणं, ना दक्षिणा, ना वर्षानुवर्षांचं अध्ययन. मला यात एक गोष्ट लख्ख दिसते: गुरुपद हे शिष्याने द्यायचं असतं. ते कुणाला स्वतःहून घेता येत नाही, कमावताही येत नाही. ब्राह्मणाच्या मुलीने कुणब्याला ते दिलं, तेव्हा कुठलाही अध्याय तिच्या आड येऊ शकला नाही. पुढे तिने ब्राह्मण कोण याची चिकित्सा करणारी ‘वज्रसूची’ मराठीत आणली, ती याच वाटेवरची पुढची पायरी वाटते.

पण माझं मन अडकतं ते जयरामस्वामींपाशी. तुकोबांचे शब्द त्यांनीच तिच्या कानी घातले. ते गुरू ठरले नाहीत आणि त्यांनी तशी अपेक्षा ठेवल्याचंही कुठे दिसत नाही. दुसऱ्याचं बोलणं नीट, न सांडता, समोरच्यापर्यंत पोचवायचं, एवढंच त्यांचं काम. शाळेतल्या बाईचं दुसरं काय असतं? पाढे मी रचलेले नाहीत, अक्षरं माझी नाहीत.

आमच्या नात्यातले एक बुवा कीर्तन करतात. ते मला म्हणाले, “ताई, सगळं शिष्यानंच ठरवायचं, तर शिकवणाऱ्यावर जबाबदारी काय उरली?” माझ्या मते सगळी उरते. देहूत बसलेल्या तुकोबांना कोल्हापुरातली ती मुलगी कशी दिसणार? जयरामस्वामींच्या ती समोर होती. कोण बाहेर राहिलंय, कोण का रडतंय, हे त्यांनाच बघायचं होतं. आणि पुढचंही. स्वामींनी डोक्यावर हात ठेवल्याची गावभर चर्चा झाली आणि नवऱ्याने तिला बेदम मारलं. शिकवलेलं शिकणाऱ्याच्या घरी पोचल्यावर तिथे काय होतं, हा भाग कुठल्याच प्रतवारीत नाही, पण तो शिकवण्यातच मोडतो असं मी ठामपणे मानते.

एका वस्तीशाळेत एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दाराबाहेर उभी राहायची. आतली पोरं अडखळली की बाहेरून सातचा पाढा ती पुरा करायची. तिला भावासकट आत बसवलं. तो रडायचा, रांगत पाट्यांवर जायचा, वर्गाने ते चालवून घेतलं. चार दिवसांनी ती यायची थांबली. घरी बोलणी बसली होती, पोराला शाळेत नेतेस आणि सरपण कोण आणणार म्हणून. त्या संध्याकाळी मी तिच्या आईकडे गेले. चुलीपुढे बसून आम्ही बराच वेळ बोललो, जास्त करून सरपणाबद्दलच. सरपण शाळा सुटल्यावर आणायचं ठरलं, आणि सोमवारपासून दोघं पुन्हा आत बसायला लागली.