विकणाऱ्याचं मौन

जुना छोटा हत्ती विकायला काढला, की गिऱ्हाईक येण्याआधी गाडी फिरवून गरम करून ठेवायची, ही आपल्याकडची जुनी रीत. थंड इंजिन सेल्फला किती वेळ घेतं यावरून जाणता माणूस आतलं कॉम्प्रेशन ओळखतो, म्हणून ही खबरदारी. ऑइल जरा जाड भरलं, की निळा धूर चार दिवस दबतो. चॅसीला जिथे वेल्डिंग मारलेलं असतं तिथे काळ्या रंगाचा हात फिरतो. ही सरळ फसवणूक आहे आणि तिच्यावर फार विचार करण्याची गरज नाही. अवघड माणूस दुसराच. तो यातलं काहीही करत नाही. गाडी आहे तशी उभी करतो आणि ‘कशी आहे?’ या प्रश्नावर एवढंच म्हणतो, ‘समोर आहे, बघून घ्या.’ त्याच्या वाक्यात खोटा शब्द एकही नाही. तरी तो असत्य वागला का, हा धर्माचा प्रश्न आहे, आणि माझं उत्तर ‘हो’ असं आहे.

आधी विकलं काय जातंय ते पाहू. टाटांनी २००५ मध्ये बाजारात आणलेली ही गाडी. सुरुवातीच्या मॉडेलला ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, तेही सीटखाली. माल न्यायचा साधारण पाऊण टन, पण वाळू, फरशी किंवा भाजीचे क्रेट भरताना पाऊण टनाची आठवण कोण ठेवतो? त्या जादा वजनाचा हिशेब पाटे, क्लच प्लेट, ब्रेक आणि शेवटी चॅसी चुकवते. दोन सिलिंडरांच्या थरथरीने इंजिनाची माउंटिंग बसतात. रिंगा झिजल्या की चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडल्याबरोबर तोंडावर धूर येतो. पांढरा धूर सुटला आणि पाणीही कमी होऊ लागलं, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यायचा. आठ वर्षांपुढच्या गाडीला फिटनेस दरवर्षी. विमा, टायर, पीयूसी वेगळंच. पण मिस्त्रीच्या बिलापेक्षा मोठा खर्च कोणत्याच बिलात नसतो: गाडी उभी राहिलेल्या दिवसाचं भाडं बुडतं आणि हप्ता मात्र चालूच राहतो. घेणारा बहुधा काल दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर असतो आणि कर्ज काढून पहिल्यांदा मालक होत असतो. म्हणजे इंजिन सहा महिन्यांत खोलावं लागणार, हे विकणाऱ्याला माहीत असणं, म्हणजे दुसऱ्याच्या घरातली सहा महिन्यांनंतरची तंगी आजच माहीत असणं. ही माहिती त्या गाडीचाच भाग आहे. लोखंड द्यायचं आणि माहिती ठेवून घ्यायची, हा अर्धवट व्यवहार झाला.

कायदा इतकं मागत नाही. भारतीय करार कायद्याच्या (१८७२) कलम १७ मध्ये एक घोडा आहे. मालकाला घोड्याची खोड ठाऊक आहे, तो लिलावात काही न बोलता विकतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. लगेच पुढचं उदाहरण येतं: घेणारी जर त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं त्याचं कर्तव्य आहे. माझ्या मते सगळा वाद या दोन उदाहरणांच्या मधल्या जागेत आहे. नात्यामुळे बोलण्याचं कर्तव्य उपजतं, हे कायद्यालाही मान्य आहे. फक्त त्याचं नातं घराच्या उंबऱ्याशी थांबतं. धर्मपरंपरा तो उंबरा ओलांडतात. शांतिपर्वातला वाराणसीचा तुलाधार हा दुकानदार, आणि तपाचा गर्व झालेल्या जाजलीला धर्म शिकायला जावं लागतं ते त्याच्याकडे. कारण त्याची तागडी सर्वांना सारखी आहे. हदीसमध्ये पैगंबर धान्याच्या ढिगात हात घालतात, बोटांना ओल लागते, आणि ते विचारतात, की भिजलेलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाही. आणि युद्धात द्रोणांना ऐकवलेलं ‘अश्वत्थामा मेला’ हे युधिष्ठिराचं वाक्य तर शब्दशः खरंच होतं, त्या नावाचा हत्ती मेलाच होता. तरीही जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. द्रोणांनी काय समजावं अशी त्याची इच्छा होती, त्यावर त्या वाक्याचा न्याय झाला.

यावर पहिला आक्षेप बाजारातला: किमतीतच सगळं आलं, जुनी गाडी स्वस्त मिळते ती याचसाठी. पण दोष खरोखर किमतीत आला असता, तर गप्प बसण्याचं कारणच उरलं नसतं. मौनाला पैसे मिळतात, ते दोष किमतीत न आल्यामुळेच. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचंच उदाहरण घेऊन दाखवलं, की विकणाऱ्याला जास्त माहीत असलं की घेणारा सगळ्याच गाड्यांना साशंक भाव देतो, मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो. गप्प बसणारा अशा रीतीने शेजारच्या सचोटीच्या मालकाचंही नुकसान करतो. दुसरा आक्षेप जुना आहे. सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यांवरच्या ग्रंथात तो स्टोइक डायोजेनीसच्या तोंडी येतो: न सांगणं आणि लपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, विकत घ्यायची सक्ती कुणी केली नाही. आपल्या भाषेत, मिस्त्री घेऊन यावा. रास्त आहे, झिजलेला टायर आणि गंजलेला हौदा ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी विकणाऱ्याने रडू नये. पण इंजिनावर अर्धा तास घालवणाऱ्या मिस्त्रीला तीन वर्षं गाडी चालवणाऱ्याइतकं कळत नाही. माझं मागणं ज्ञात आणि लपलेल्या दोषापुरतंच आहे.

तिसरा आक्षेप मला खरा जड वाटतो. विकणाराही गरीब आहे, त्यालाही कुणीतरी असंच गंडवलं होतं, आणि खरं बोलला तर त्याचे वीस-पंचवीस हजार जातील. जातील, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मौनाने तोटा मिटत नाही, फक्त हात बदलतो, आणि बदलताना वाढतो. कारण नवा मालक तो भरलेल्या गाडीनिशी घाटात भरतो. ब्रेक आणि चॅसीच्या बाबतीत तर तो रस्त्यावरच्या तिसऱ्याच माणसाच्या अंगावर जातो, ज्याने सौदा केला नाही की भाव पाडला नाही. तिथे गरिबीची सबबही चालणार नाही. उरतं ते ‘ज्याचं त्याचं नशीब’. कर्मसिद्धान्ताचा इतका उफराटा वापर दुसरा नसेल. हा सिद्धान्त करणाऱ्याला स्वतःच्या कृतीचा जाब विचारण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या नुकसानाची पावती आधीच फाडून ठेवण्यासाठी नाही.

आरटीओत हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३० भरतात. ते वेळेवर भरावेत हे विकणाऱ्याच्याच हिताचं, कारण नोंदणीवर नाव ज्याचं, अपघाताची भरपाई त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्या फॉर्मात चॅसी नंबर, इंजिन नंबर, दोघांची नावं-पत्ते असतात. इंजिन ऑइल खातं का, चॅसीला जोड आहे का, हे लिहायला रकाना नाही. विकणाऱ्याने तो सहीपूर्वी तोंडी भरावा, आणि भाव त्यानंतर ठरवावा.