मूल वाढेपर्यंत

मोखाडा तालुक्यातल्या खोडाळा परिसरात धावणाऱ्या मुलांची वानवा कधीच नव्हती. पाड्यावरून शाळेला, शाळेतून ओहोळावर, ओहोळावरून घाटी चढून पुन्हा घरी. चालणं आणि धावणं यांत इथल्या पोरांनी फारसा फरक ठेवलेला नाही. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत आश्रमशाळेची एखादी मुलगी अनवाणी पायांनी पहिली येते. तिला प्रमाणपत्र मिळतं, फोटो निघतो, आणि पुढच्या वर्षी ती मैदानावर दिसत नाही. कुणी दिवाळीनंतर आईबापांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेली असते. कुणाचं लग्न ठरलेलं असतं. कुणी गावातच असते, पण तिला ‘पळ’ म्हणणारे सर बदलून गेलेले असतात. स्थलांतर आणि बालविवाह यांवर पुष्कळ बोललं जातं, आणि बोललं जायलाच हवं. मला आज त्या गेलेल्या सरांविषयी लिहायचं आहे.

आपल्या डोंगरांना लागूनच, त्र्यंबकेश्वर तालुक्यात, हरसूलजवळ सावरपाडा आहे. तोच पाऊस, तीच नागली-वरई, तीच पाण्याची पायपीट. कविता राऊत तिथली. धावायला बूट नसले तरी चालतं, काही विकत घ्यावं लागत नाही, म्हणून तिनं हा खेळ धरला. २०१०च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत तिनं कांस्यपदक मिळवलं. या स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक घेणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतरात रौप्य, २०१२ साली अर्जुन पुरस्कार, २०१६ साली रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे नाव आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. विजेंद्र सिंग हे नाव मात्र विचारून पाहा.

विजेंद्र सिंग भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे नाशिकमधले प्रशिक्षक. शाळकरी कविता त्यांच्या हाताखाली आली, तेव्हा तिच्या नावावर सांगण्यासारखं काही नव्हतं. दिल्लीचं पदक त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलं. दहा हजार मीटर म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकच्या २५ फेऱ्या. एवढ्या वेळात प्रशिक्षक बाहेर उभा राहून फार तर वेळ ओरडून सांगू शकतो. त्याचं काम आधीच झालेलं असतं, ज्या सकाळी कुणी टाळ्या वाजवायला नव्हतं त्या सकाळी. आणि कवितानंतर ते काम थांबलं नाही. दिंडोरी तालुक्यातून आलेली मोनिका आथरे २०१७ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. चांदवडकडची संजीवनी जाधव त्याच वर्षी भुवनेश्वरच्या आशियाई स्पर्धेत ५,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. शेतकऱ्यांच्या, आदिवासींच्या मुली एकामागून एक नाशिकच्या त्याच मैदानावरून पुढे गेल्या, कारण मैदानावरचा माणूस तोच राहिला होता. प्रतिभा अचानक नाशिक जिल्ह्यातच उगवली आणि मोखाड्यात उगवली नाही, हे मला कधीच पटलेलं नाही.

इथे कुणी म्हणेल, मोठे प्रशिक्षक तर सतत जागा बदलतात. खरं आहे. इटलीच्या एत्तोरे मेस्सिनाचंच पाहा. १९५९ साली सिसिलीतल्या कातानियात जन्मलेला हा बास्केटबॉलचा प्रशिक्षक बोलोन्या, त्रेव्हिझो, मॉस्को, माद्रिद असा फिरला. युरोपातल्या क्लबांचं सर्वोच्च विजेतेपद त्यानं चार वेळा मिळवलं, १९९८ आणि २००१ साली बोलोन्याकडून, २००६ आणि २००८ साली मॉस्कोकडून. मला त्याच्या कारकिर्दीतल्या दोन गोष्टी या विजेतेपदांहून मोलाच्या वाटतात. पहिली, १९८९ साली बोलोन्याच्या मुख्य संघाची सूत्रं हाती येण्याआधी त्याच क्लबात त्याची सहा वर्षं गेली होती, आणि सुरुवातीपासून त्याचं काम होतं किशोरांच्या संघांना शिकवण्याचं. दुसरी, २०१४ साली, सगळं जिंकून झाल्यावर, तो अमेरिकेत सॅन अँटोनियोच्या संघाकडे गेला आणि तिथला मुख्य प्रशिक्षक ग्रेग पोपोविच याच्या शेजारी सहायक म्हणून बसला. चार वेळचा युरोपविजेता पाच हंगाम दुसऱ्याच्या हाताखाली राहिला. मग मायदेशी परतून मिलान संघाला त्यानं २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं इटलीचं विजेतेपद मिळवून दिलं. मानाची खुर्ची सोडून शिकणाऱ्याच्या जागी बसणं आपल्याकडच्या किती मोठ्या माणसांना जमेल?

पण मेस्सिना बोलोन्या सोडून गेला म्हणून बोलोन्यातल्या बारा वर्षांच्या मुलाचा सराव बंद पडला नाही. खाली किशोरांचे संघ होते, त्यांचे शिक्षक होते, मैदान होतं, वेळापत्रक होतं. वरचा माणूस बदलतो, कारण खालचं सगळं जागेवर असतं. आपल्याकडे खाली एकच माणूस असतो. तो गेला की शिट्टी गेली, चुन्याने आखलेली रेघ गेली, पहाटे पाचला वसतिगृहाचं दार वाजवणारा हात गेला.

तो का जातो, हेही पाहायला हवं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांसाठी शासनानं गावांची विभागणी केली आहे, ‘अवघड क्षेत्र’ आणि बाकीचं. २०१७च्या धोरणानं अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढलेल्या शिक्षकाला हव्या त्या जागेसाठी अर्ज करण्याचा हक्क दिला. शिक्षकाच्या बाजूनं हे न्याय्यच आहे. त्यालाही म्हातारे आईवडील आहेत, मुलांचं शिक्षण आहे, कसाऱ्याहून खोडाळ्याला येणारा घाटरस्ता पावसाळ्यात काय होतो ते तोही भोगतो. त्याला दोष देणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. तरीही एक हिशेब टाळता येत नाही. मुलगी दहाव्या वर्षी पळायला लागते आणि अठराव्या वर्षी कुठे लांब पल्ल्याची धावपटू होते. तीन वर्षांत तिची फक्त सुरुवात होते. जव्हार-मोखाड्यात येणं म्हणजे शिक्षेची बदली, असं नोकरदार वर्गात राजरोस बोललं जातं. आपण जिथे जन्मलो ते गाव म्हणजे कुणाची तरी शिक्षा, हे ज्या मुलाच्या कानावर पडतं, त्याच्या मनाचा विचार बोलणारा करत नाही.

म्हणून क्रीडा खात्याकडे आणि आदिवासी विकास विभागाकडे मागायचं असेल, तर मी स्टेडियम मागणार नाही. खोडाळ्याच्या पट्ट्यासाठी एक ॲथलेटिक्सचा प्रशिक्षक मागेन, आठ वर्षांसाठी. त्याला राहायला धड घर द्या, त्याच्या मुलांच्या शिक्षणाची सोय करा, बढती इथेच द्या, आणि त्याचं काम पदकांवर मोजू नका. पाचवीत पळणाऱ्या किती मुली दहावीतही पळत आहेत, एवढंच त्याला दर वर्षी विचारा. शक्य असेल तर तो इथलाच असावा. आपल्या तालुक्यात शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन शेतावर, नाहीतर शहरात मिळेल त्या कामावर राबणारे तरुण आहेत. त्यांना वारली, कोकणा घरांतलं बोलणं समजतं. भट्टीवर गेलेलं कुटुंब होळीला येणार की थेट पावसाच्या तोंडावर, हे त्यांना ठाऊक असतं, आणि परतलेल्या पोरीला पुन्हा मैदानावर आणायला तिच्या आजीशी काय बोलावं हेही.