दुर्मिळतेचे मोल आणि अपरिग्रहाचा धर्म

जी वस्तू इतरांजवळ नाही एवढ्याच कारणाने जिचे मोल वाढत जाते, ती स्वतःजवळ राखून ठेवणे अपरिग्रहाच्या धर्माशी कितपत सुसंगत आहे, हा प्रश्न जुन्या इंग्रजी सुवर्णनाण्यांचे संग्रह आणि त्यांचे लिलाव यांचा विचार करू लागले की टाळता येत नाही. सोन्याच्या मोहाविषयी आपल्या परंपरेने पुष्कळ चिंतन केले आहे. भागवतात परीक्षिताने कलीला राहावयास द्यूत, मद्यपान, स्त्रीसंग आणि हिंसा ही चार स्थाने नेमून दिली, आणि त्याने पुन्हा याचना केली तेव्हा पाचवे स्थान म्हणून सोने दिले. गीतेने ज्ञानी पुरुषाचे लक्षण सांगताना ढेकूळ, दगड आणि सुवर्ण यांकडे समबुद्धीने पाहण्याची कसोटी लावली. आणि देहूच्या तुकोबांनी राजाकडून आलेला नजराणा परत पाठविल्याची कथा महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या जपली. परंतु नाणेसंग्राहकाचा प्रश्न या सर्वांहून सूक्ष्म आहे, कारण त्याला लागलेली ओढ मुळी सोन्याची नसते. सॉव्हरिनचे, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास गिनी म्हणतात त्या नाण्याचे, वजन 8 ग्रॅमांहून किंचित कमी आणि कस 22 कॅरट. त्यातील धातूचा भाव कोणताही सराफ क्षणात सांगेल, आणि तो सांगताना नाण्यावर मुद्रा कोणत्या राजाची व साल कोणते याची त्याला फिकीर नसेल. त्याच वजनाच्या आणि त्याच कसाच्या दुसऱ्या एखाद्या नाण्यासाठी लिलावाच्या दालनात शेकडोपट रक्कम पुकारली जाते, तेव्हा ती अधिक रक्कम नेमकी कशाची, हे विचारणे प्राप्त होते.

इंग्लंडच्या नाण्यांचाच इतिहास पाहिला तर या प्रश्नाचे उत्तर मोठे विलक्षण मिळते. 1257 साली तिसऱ्या हेन्रीने सोन्याचा पेनी पाडला आणि त्याचा दर 20 चांदीच्या पेनींइतका ठरविला. परंतु त्यातील सोनेच या दराहून अधिक किमतीचे असल्याने आणि लंडनच्या व्यापाऱ्यांनाही ते नाणे गैरसोयीचे वाटल्याने ते चालले नाही, आणि बहुतेक नाणी वितळविली गेली. जी मोजकी उरली त्यांत 2021 साली डेव्हन परगण्यातील एका शेतात सापडलेल्या एका नाण्याची भर पडली, आणि जानेवारी 2022 मध्ये लंडनच्या लिलावात त्याला 6,48,000 पौंड आले. दुसरे उदाहरण आठव्या एडवर्डचे. या राजाने डिसेंबर 1936 मध्ये सिंहासनाचा त्याग केला, त्यामुळे 1937 सालासाठी सिद्ध झालेली त्याच्या मुद्रेची नाणी चलनात कधी आलीच नाहीत; त्यांपैकी एक सॉव्हरिन जानेवारी 2020 मध्ये 10 लाख पौंडांना विकत घेतले गेले. हातोहाती फिरणे आणि देवघेवीस साधन होणे हा नाण्याचा धर्म. या दोन नाण्यांपैकी एक आपला धर्म पार पाडण्यात अपयशी ठरले आणि दुसऱ्याला तो पार पाडण्याची संधीच मिळाली नाही, आणि नेमक्या याच कारणास्तव ती आज अमोल मानली जातात. मनुष्याच्या गरजेतून निर्माण होणारे मूल्य एक, आणि मनुष्याच्या उणिवेतून निर्माण होणारे मूल्य दुसरे. दुर्मिळतेचे मूल्य हे या दुसऱ्या जातीचे आहे.

हाच विचार स्पर्शाच्या संबंधाने अधिक स्पष्ट होतो. नाण्यांच्या बाजारात प्रत्येक नाण्याची प्रत 1 ते 70 अशा श्रेणीने ठरवितात. ज्यावर हातांची झीज मुळीच नाही ते श्रेष्ठ, आणि जे बाजारहाटात, लग्नकार्यात, अडीअडचणीत हजारो बोटांतून गेले आहे ते कनिष्ठ. व्यापाराच्या दृष्टीने हा क्रम समजण्यासारखा आहे, कारण न झिजलेल्या नाण्यावर कारागिराचे काम अविकल दिसते. परंतु आपल्या मराठी मनाने मूल्याचा दुसराही एक क्रम पाहिलेला आहे. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या चरणांना शतकानुशतके वारकऱ्यांचे हात आणि माथे लागत आले. मूर्तीची झीज इतकी झाली की तिच्यावर वज्रलेप करावे लागले. तरीही त्या झिजेने मूर्तीचे माहात्म्य उणे झाले असे कोणाही वारकऱ्याच्या मनात आले नाही. एकीकडे स्पर्शाने मोल घटते आणि दुसरीकडे स्पर्शानेच ते सिद्ध होते. ज्याला दोन्ही दृष्टी ठाऊक आहेत त्याने आपल्या संग्रहातील गिनी हाती घेताना कोणत्या दृष्टीने घ्यावी, हा केवळ आवडीनिवडीचा विषय राहत नाही.

इंग्रजी नाणी आपल्याला परकी आहेत असेही नाही. 1899 च्या कायद्याने सॉव्हरिनला हिंदुस्थानात 15 रुपये दराने कायदेशीर चलनाचा दर्जा मिळाला, आणि तो दर 1920 मध्ये 10 रुपयांवर आणला गेला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 1918 साली, मुंबईच्या टांकसाळीत लंडनच्या राजटांकसाळीची शाखाच उघडण्यात आली आणि तेथे सुमारे 13 लाख सॉव्हरिन पाडली गेली; सेंट जॉर्जच्या घोड्याखालील भूमिरेषेवर, सालाच्या अगदी वर, कोरलेले बारीक आय हे रोमन अक्षर ही त्यांची खूण. शाखा 1919 मध्येच बंद झाली, त्यामुळे मुंबईच्या सॉव्हरिनवर 1918 हे एकच साल आढळते. आज ती नाणी शंभर वर्षांची झाली असल्याने 1972 च्या कायद्यान्वये पुरावस्तू ठरतात, आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. पण 1931 च्या सप्टेंबरात इंग्लंडने सुवर्णपरिमाण सोडले, सोन्याचा भाव चढला, आणि शेतमालाचे भाव कोसळल्याने सारा व कर्ज यांनी गांजलेल्या रयतेने घरातील दागिने व गिन्या विकावयास काढल्या, तेव्हा या देशातून सोन्याचा प्रचंड ओघ विलायतेकडे वाहिला. लिलावाच्या सूचिपत्रात प्रत्येक मौल्यवान नाण्यामागे पूर्वीच्या मालकांची वंशावळ दिलेली असते. मॉन्टेग्यू, लॉकेट अशी संग्राहकांची नावे नाण्याच्या किमतीत भर घालतात. ज्या स्त्रीने दुष्काळात वा मंदीत गळ्यातील माळ सोडून ती गिनी सावकारापुढे ठेवली, तिचे नाव त्या वंशावळीत कोठेही नसते.

हा लेख मी कोसबाडच्या टेकडीवर लिहीत आहे, आणि डहाणू-तलासरीच्या या मुलखात पैशाचा इतिहास विसरणे कोणालाही शक्य नाही. लग्नासाठी घेतलेल्या थोडक्या रुपयांच्या मोबदल्यात वारली तरुणाने आपल्या नवपरिणीत पत्नीसह वर्षानुवर्षे, प्रसंगी जन्मभर, जमीनदाराच्या शेतात राबावे, अशी लग्नगड्याची चाल येथे होती. हिशेब जमीनदाराच्या वहीत, खत जमीनदाराच्या दप्तरात, आणि फेड कधी पूर्ण झाली हे ठरविण्याचा अखत्यारही त्याच्याचकडे. 1945 च्या मे महिन्यात आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली जमले आणि त्यांनी वेठीला व लग्नगडीपणाला नकार दिला. त्यांच्या झोपड्यांत गिनी शिरली नसेल. परंतु ज्या अर्थव्यवस्थेच्या शिखरावर गिनी चमकत होती तिच्या पायाशी हे खत होते. म्हणून जुने नाणे केवळ सौंदर्याची वस्तू मानून त्याच्याकडे पाहणे हे अर्धवट पाहणे होय.

मग संग्रह करूच नये काय? माझे मत तसे नाही. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या 13 हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नहपान क्षत्रपाच्या त्या नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली होती, आणि सातवाहनांच्या विजयाचा हा पुरावा ती नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती तर कायमचा नष्ट झाला असता. जतन करणारा हात नसेल तर इतिहास मुका होतो. शिवाय, वेचण्याची आणि लावण्याची वृत्ती मूलतः निष्पाप आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीस आरंभिलेले आणि 1957 मध्ये कोसबाडला आणलेले बालशिक्षणाचे कार्य याची साक्ष देते. महागड्या विलायती साधनांच्या जागी त्यांनी शिंपले, बिया, खडे आणि पाने मुलांच्या हाती दिली, आणि ती वेचून, निवडून, सारख्यांशी सारखी जुळवून वारल्यांची मुले शिकू लागली. त्या मुलांना शिंपला हवा असे, परंतु शेजारच्या मुलाकडे तो नसावा अशी अट त्या आनंदात नव्हती. जैन आचार्य उमास्वाती यांनी परिग्रहाची व्याख्या करताना दोष वस्तूच्या ठायी न मानता तिच्याविषयीच्या मूर्च्छेच्या, म्हणजे आसक्तीच्या, ठायी मानला, तो विवेक येथे उपयोगी पडतो. नाणे पेटीत आहे म्हणून परिग्रह होत नाही. त्या नाण्याने मनाचा ताबा घेतला की होतो.

ही मूर्च्छा ओळखण्याची एक कसोटी मला सुचते. संग्राहकाने स्वतःला विचारावे: उद्या एखाद्या शेतात नांगराच्या फाळाला हंडा लागला आणि माझ्याजवळील अप्राप्य नाण्यासारखी हजार नाणी त्यातून निघाली, तर मला हर्ष होईल की विषाद? ज्याची प्रीती नाण्याच्या ज्ञानावर आहे, त्याला हजार नवे पुरावे मिळाल्याचा हर्षच होईल, कारण साचे किती होते, नाणी कोठवर चालली, ती कोणी पुरली, हे सर्व आता कळू शकेल. ज्याला विषाद होईल त्याने प्रामाणिकपणे मान्य करावे की त्याने आजवर नाणे जपले नसून इतरांचा अभाव जपला. ज्या सुखाला दुसऱ्याच्या रित्या हाताची आवश्यकता लागते त्या सुखाला कोणत्याही धर्माने पुण्य म्हटलेले नाही, आणि मूर्च्छा ती हीच.

कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात याच्या नेमका उलटा प्रसंग रंगविला आहे. वरतंतूचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मागावयास रघूकडे आला. विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेल्या रघूचा कोश रिता होता. तेव्हा रघूने कुबेरावर चाल करण्याचे ठरविले, आणि कुबेराने कोशगृहात सुवर्णाची वृष्टी केली. रघू म्हणे हे सारे तुझे, कौत्स म्हणे मला दक्षिणेपुरतेच पुरे. लिलावात दोघे एकाच वस्तूसाठी बोली चढवीत जातात. येथे दोघेही आपापला हक्क सोडण्याची स्पर्धा करतात, आणि साकेतनगरीचे लोक दोघांनाही वंद्य मानतात. उरलेले सोने आपट्याखाली लोकांसाठी लुटविले गेले अशी जोड लोकपरंपरेने या कथेला दिली. म्हणूनच दसऱ्याला आपण आपट्याचे पान सोने म्हणून देतो. जे वाटल्यावाचून सोने ठरत नाही, असे ते एकच सोने.

लिलाव ही गोष्ट मी निंद्य मानीत नाही. उघड्या दालनात चारचौघांसमोर ठरलेला भाव चोरट्या व्यवहाराहून केव्हाही शुद्ध असतो. गृहस्थाश्रमी संग्राहकाकडून मागणे एवढेच आहे की त्याने स्वतःला मालक न समजता विश्वस्त समजावे: नाण्याचे वजन, साचा, चित्र आणि वृत्तांत अभ्यासकांना खुले करावे, ते कोणत्या देशातून, कोणत्या हातांतून, कोणत्या विपत्तीतून आले याचा शोध घेऊन तेही वंशावळीत लिहावे, आणि शोध लागला नाही तर तेथे रिती जागा सोडावी, संग्रहालयाने किंवा विद्यापीठाने अध्ययनासाठी मागितले तर ते हातचे सोडण्याची तयारी ठेवावी. हे ज्याला जमेल त्याच्या पेटीत सोने असूनही कलीला तेथे स्थान मिळणार नाही. ज्याला जमणार नाही त्याने सोन्याचा त्याग केला तरी उपयोग होणार नाही, कारण त्याचा परिग्रह पेटीत नाही. दुसऱ्याच्या उणिवेत स्वतःचे मोठेपण शोधणाऱ्या बुद्धीत आहे, आणि त्याग तिचाच करावयाचा आहे.