मासा बोलत नाही म्हणून

२००५ सालच्या 'मादागास्कर'ने एक खरा प्रश्न उभा केला होता. न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्क झूमधला सिंह ॲलेक्स आणि झेब्रा मार्टी जिवलग मित्र. झूमध्ये मांस आयतं मिळायचं. जंगलात भूक लागते आणि ॲलेक्सला मित्राच्या जागी मांसाचे तुकडे दिसू लागतात. तो मार्टीला चावतोही. आता मैत्री टिकवायची की पोट भरायचं?

सिनेमा नेमका इथेच कच खातो. पेंग्विन त्याला सुशी भरवतात आणि सगळे खूश. मासा कुणाचाच मित्र नाही, कारण त्याला संवादच दिलेले नाहीत. गंमत म्हणजे याच ड्रीमवर्क्सच्या आदल्या वर्षीच्या 'शार्क टेल'मध्ये मासे बोलतात आणि लेनी नावाचा शार्क त्यांना खायला नकार देतो!

सिंहाने गवत खावं असं माझं म्हणणं नाही. त्याला मांसाशिवाय जगता येत नाही. पण मग कुणीतरी मरणार, एवढं तरी सिनेमाने मान्य करायचं. 'लहान मुलांसाठी आहे' ही सबब पुरत नाही. ज्याचा आवाज ऐकू येतो त्याचाच जीव मोजायचा, हे मुलं नकळत शिकतात. आणि मोठेपणी हा नियम आपण फक्त प्राण्यांनाच लावत नाही.