आठव्या पायरीवर

सोयाबीनचा चुकारा हाती आला की वाशीम जिल्ह्यात दोन प्रकारची माणसे मोटारसायकलवरून गावोगाव फिरू लागतात. एक उधारी वसूल करणारी, दुसरी 'प्लॅन' दाखवणारी. पहिली निदान सरळ बोलतात. दुसरी वहीचे कोरे पान उघडून वर्तुळे काढतात: वरच्या वर्तुळात तुम्ही, खाली सहा जण, त्यांच्याखाली प्रत्येकी सहा. तिसऱ्या ओळीनंतर पेन थांबतो आणि कमिशनचा हिशेब सुरू होतो.

पेन थांबू द्यायचा नाही. सहा, छत्तीस, दोनशे सोळा असे करत गेलो तर सातव्या पायरीवर २,७९,९३६ माणसे लागतात आणि आठवीवर १६,७९,६१६. २०११च्या जनगणनेत अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत सगळी, पाळण्यातली पोरेसुद्धा धरून. आठवी पायरी भरायला अकोल्याहून माणसे उसनी आणावी लागतील. त्याहून वाईट गोष्ट अशी की, सगळ्यांनी आपापले सहा जण जोडले तरी साखळी चौथ्या पायरीवर थांबो की सातव्या, सहातले पाच जण शेवटच्याच ओळीत असतात. त्यांच्याखाली कुणी नसते. सेमिनारमध्ये त्यांना सांगतात, तुमची मेहनत कमी पडली. वहीतला गुणाकार मेहनतीला विचारत नाही.

लोक विचारतात, कंपनी रजिस्टर आहे का? हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र आणि जीएसटी क्रमांक एवढेच सांगतात की त्या नावाची कंपनी आहे. तिची योजना तपासली असे कुणी सांगत नाही. विचारायचे ते मालाबद्दल. ही पावडर पाटणी चौकातल्या दुकानदाराने योजनेशिवाय, याच भावाने विकायला ठेवली असती का? सभासद नसलेल्या शेजारणीने ती पुढच्या महिन्यात आपणहून पुन्हा मागितली का? १९७९मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अ‍ॅमवेला पिरॅमिड ठरवले नाही, त्यामागे हाच धागा होता: माल प्रत्यक्ष ग्राहकांना विकण्याचे आणि पडून राहिलेला माल परत घेण्याचे नियम. भारतात मात्र त्याच कंपनीची ७५७ कोटींची मालमत्ता ईडीने एप्रिल २०२२मध्ये पिरॅमिडचा आरोप ठेवून जप्त केली. कंपनीला तो मान्य नाही. म्हणजे मोठ्या नावाच्या कंपनीलाही हा प्रश्न चुकत नाही. नाशिकच्या केबीसी मल्टिट्रेडसारख्या २०१४मध्ये कोसळलेल्या योजनेत तर माल दुय्यमच. तिथे पैसाच पैसा आणत होता.

आपल्याकडे डिसेंबर २०२१पासून थेट विक्रीचे नियम आहेत. सामील होण्याची फी घेता येत नाही, पिरॅमिडला बंदी आहे. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचे नाही, असेही त्यात आहे. दिवाळीच्या फराळाला आलेल्या मामांकडे ओळखपत्र कोण मागणार, हा प्रश्न दिल्लीत कुणाला पडला नसावा.

कमाईचे पुरावे म्हणून चेकचे फोटो दाखवतात. त्याऐवजी फॉर्म २६एएस मागावा. कमिशनवर टीडीएस कापला गेला असेल तर तो तिथे दिसतो. त्या कमिशनमधून स्वतः घेतलेला माल, पेट्रोल, सेमिनारची तिकिटे वजा करावीत. फेडरल ट्रेड कमिशनने २०२४मध्ये अशा सत्तर कंपन्यांची उत्पन्नपत्रके तपासली, तेव्हा बहुतेक सभासदांची कमाई वर्षाला हजार डॉलर किंवा त्याहून कमी निघाली. अनेक पत्रकांत खर्च धरलेलाच नव्हता.

फसल्यावर तक्रारी का होत नाहीत, याचे मला लाजेइतकेच कायद्यातही कारण दिसते. पैशांच्या साखळी योजनांवर बंदी घालणारा १९७८चा कायदा फक्त योजना चालवणाऱ्याला धरत नाही. सभासद होणे, पैसे देणे-घेणे हाही त्यात गुन्हा आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची. सामान्य सभासदाशी इतके कठोर असणे मला पटत नाही, पण कायदा तसा आहे. ठाण्याची पायरी चढणाऱ्याने स्वतःही चार-सहा जण जोडलेले असतात. त्यांत एक मेहुणा असतो, एक व्याही. मंगरुळपीरच्या व्याह्याचे पैसे बुडाले तर मुलगी दिलेल्या घरी पुढच्या सणाला जायचे कसे, हा विचार आधी येतो. तक्रारीचा कागद तसाच राहतो, आणि साखळीच्या वरच्या टोकाला बसलेल्या माणसाला हे नेमके माहीत असते.