गोठ्याचे पाणी कुठे जाते?

बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्रा या नावातला ‘संद्रा’ म्हणजे समुद्र, अर्थात गावाचे तळे. आज तिथे कारखाने दिसतात, म्हणून पाण्याचा दोष आपण त्यांनाच देतो. पण आपल्या गोठ्याचे काय? कोल्हापूरच्या रंकाळ्यात म्हशी धुणारा गवळी जनावरांवर मायाच करीत होता. शेण शेतात अन्न होते. तेच पाण्यात गेले की त्यातील नत्र-स्फुरदावर शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. थंड, वाहत्या पाण्यातला नाजूक ट्राउट तर आधीच. हिंसेचा हेतू नव्हता, हे खरे. तरी मासा मेलाच ना? गोठा धुतलेले पाणी कुठे जाते, हे आज स्वतः पाहून या. उतार ओढ्याकडे असेल, तर चर खणून ते परसातल्या केळींकडे वळवता येते; काम एका दुपारचे.